टाकी मीच उघडली

वेंडेल,

तू मासे धरायला गेलास आणि मी सेप्टिक टँक तपासणाऱ्या लायसन्सवाल्या माणसाला बोलावून घेतलं. झाकणावरची माती मीच उपसली. त्यात तुझा ट्युलिपचा वाफा गेला, तेवढ्याबद्दल सॉरी. बाकी कशाबद्दल नाही.

टाकीला विहिरीच्या बाजूने तडा गेलाय आणि घाण पाणी तिकडेच झिरपतंय. "टाकी मी आणि एमेटने बांधलीय, परक्याने येऊन मला शिकवू नये," हे तुझं वाक्य मला पाठ झालंय. तुझा भाऊ मलाही आठवतो, वेंडेल. पण टाकी बदलली म्हणून तो दुसऱ्यांदा मरणार नाहीये.

उद्या डार्सी बाळाला घेऊन येतेय. आपल्या नातीच्या बाटलीत मी विहिरीतून नळाला येणारं हे पाणी घालणार नाही. प्यायचं पाणी आणायला बँगोरला चाललेय. तोवर नळाला तोंड लावू नकोस. स्टोव्हवर बीन्स आहेत, विकतच्या पाण्यात शिजवलेत.

नव्या टाकीला मी होकार दिलाय. घर माझ्याही नावावर आहे. तू फोन करून त्या माणसाला नाही म्हणालास, तर मी पुन्हा फोन करून हो म्हणेन.

लोरेटा