क्लच अजून चांगला असताना

मी, खाली सही करणारा, धंदा एटीव्हीच्या दुरुस्तीचा, म्हणजे डोंगरात फिरणाऱ्या रुंद टायरच्या, हँडलवाल्या चारचाकी गाड्यांचा, राहणार दुकानाच्याच मागच्या खोलीत, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणी भरीला न घालता लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांचे मत फारसे बरे नाही, म्हणून हा खटाटोप.

१. दुकान, मागची खोली व दोन्हींतील सामान माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. ती वर डोंगरावर नवऱ्याबरोबर रोपवाटिका चालवते. तिची आई वारली त्याच्या पुढच्या वर्षी ती येथून गेली, त्यानंतर तिने दुकानात पाऊल टाकलेले नाही.

२. हत्यारेही तिचीच. ती त्यांच्यावरच शिकली. पहिल्यांदा क्लच उघडून दाखवला तेव्हा तिने विचारले, "बाबा, हा टिकतो किती?"

मी म्हणालो, "चालवणाऱ्याच्या हातावर आहे. अर्धा दाबून चढ चढवणाऱ्याचा एका हंगामात जातो. नीट सोडणाऱ्याचा वर्षानुवर्षं जात नाही."

"मग बदलायचा कधी?"

"इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही, तेलाला करपल्याचा वास येतोय, की बदलायचा. आधी बदलतो तो उधळ्या, उशिरा बदलतो तो आळशी."

हे वाक्य ती पुढे गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा झोकात ऐकवायची.

३. शेजारच्या शिंप्याला काहीही मिळू नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून त्याला मुद्दाम साक्षीदार केले आहे. कारण असे. एका गिऱ्हाइकाला मुलगी म्हणाली, क्लच बदला. मी म्हणालो, अजून चालेल. ती हटेना. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "दुकान काय तुझ्या बापाचं आहे?" त्यावर शिंपी दुकानाच्या दारात पोट धरधरून हसला. गिऱ्हाइके हसली. मलाही हसू फुटले. तिने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, "नाही. नव्हतंच." तो क्लच पुढे आणखी एक हंगाम चालला. मुद्दा माझाच बरोबर होता. त्या बरोबर मुद्द्याचे मी आता काय लोणचे घालू?

४. दूधगाडीवाल्याला माझी शेगडी व जाड कोट द्यावा. मुलीची एटीव्ही तोच गाडीच्या मागच्या हौद्यात घालून माझ्याकडे दुरुस्तीला आणतो आणि रिकाम्या कॅनांबरोबर परत वर नेतो. "वर कशी आहे रे?" असे विचारले की म्हणतो, "काका, मला बोलायचं नाही असं सांगितलंय." असा पोटात गोष्ट ठेवणारा माणूस मिळत नाही. मला त्याचा अनेकदा राग आला आहे, तरी कोट त्यालाच द्यावा.

५. आता त्या एटीव्हीविषयी. पहिल्यांदा ती आली तेव्हा क्लचच्या प्लेटा खरोखर झिजल्या होत्या, मातीची पोती ओढून दुसरे काय होणार. पुढच्या खेपेला निम्म्याच झिजलेल्या होत्या. या खेपेला निरोप तोच, "क्लच घसरतोय, बदला," आणि उघडून पाहतो तर प्लेटा जवळपास नव्या, तेल स्वच्छ, वास नाही. मागच्या चढावर नेऊन पाहिली. गाडी भक्कम चढली. आधी मी चिडलो, की माझी पोर असून इतकेही कळू नये? मग स्टुलावर बसलो. मी जिला शिकवले तिला चांगला क्लच ओळखता येत नाही, हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

आणि मी तरी काय करतो? सकाळभराचे काम आठ-आठ दिवस लांबवतो. एटीव्ही माझ्या खोलीच्या दाराशी उभी असते. हँडलच्या रबरावर तिच्या अंगठ्याने खळगा पडला आहे, त्यात मी माझा अंगठा ठेवून बघतो. मला तिची फार आठवण येते. कायद्याच्या भाषेत हे कसे लिहितात ते वकिलांनी सांगितले नाही.

६. हे कलम आज सकाळी वाढवले आहे. दूधगाडीवाला एटीव्ही न्यायला आला. मी म्हणालो, "नवीन प्लेटा घातलेल्या नाहीत. जुन्याच चांगल्या आहेत, एवढं तरी सांगशील ना?"

तो दोर आवळत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काका, बोलायचं नाही ते मी बोलत नाही. पण गाडी रोपवाटिकेच्या फाटकात शिरली की ताई मागे एटीव्हीकडे बघतच नाही. आधी पुढे येते, माझ्या शेजारची सीट बघते. दरवेळी. मग म्हणते, 'उतरव.'"

मी आत गेलो, धुतलेला सदरा घातला. डॉक्टरीणबाईंना बोलावून विचारले. त्या म्हणाल्या, "चालवायची नाही, पण बसून जायला हरकत नाही. गोळ्या खिशात ठेवा."

सबब, रस्त्यात माझे काही बरेवाईट झाल्यास वरील सर्व कलमे अमलात यावीत. तसे न झाल्यास हा कागद शिंप्याने आपल्या गल्ल्यात ठेवावा आणि वाचू नये. अक्षर हलले आहे ते वयामुळे नव्हे. इंजिन सुरू आहे.

साक्षीदार :
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. शिंपी (सही; खिडकीतून केली)

लिहून ठेवणार : तिचा बाप (सही)

दिनांक : आजचा सोमवार

ठिकाण : दूधगाडी, पुढची सीट