एक तरी उदाहरण

४ मार्च, सोमवार

बाहेरच्या परीक्षकांचा शेरा आला. थिसिस उत्तम! फक्त एक किरकोळ मागणी — सिद्धान्ताला एक तरी उदाहरण जोडा.

माझे गाइड सर म्हणाले, "बघ काय ते." त्यात बघायचंय काय? एका दुपारचं काम.

६ मार्च, बुधवार

कसली दुपार! तीन दिवस झाले.

सरांच्या गाजलेल्या पेपरातली अट जे पाळतं, ते इक्वेशनचं प्रत्येक सोल्यूशन शेवटी शून्यावर स्थिरावतं — हा माझा सिद्धान्त. चार वर्षं घासली त्यावर. आणि त्या अटीत बसणारं एक फंक्शन सापडेना! साइन नाही, एक्स्पोनेन्शियल नाही. साधी तिरकी रेघसुद्धा बसत नाही.

आई दारातून, "झालं का गं?"

"होतंय."

"परवापासून होतंयच."

तिने सगळीकडे सांगून ठेवलंय, लेक डॉक्टर होतेय. खालच्या मजल्यावरच्या बाई गुडघा दाखवायला येणार आहेत. हसू का रडू!

७ मार्च, गुरुवार

कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

अट इतकी कडक आहे, की ती पाळणाऱ्या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, प्रत्येक बिंदूला शून्य येतं. म्हणजे ते हलतच नाही. आणि आमची सगळी फंक्शन्स सुरू होतात शून्यापासून! म्हणजे अटीत बसतं ते फक्त शून्यच. तीन ओळींत संपलं. पहिल्या वर्षाच्या पोराला जमेल.

शेवटी शून्यावर स्थिरावतं म्हणे. अगं बये, ते तिथून उठलं कधी होतं?

डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. इथे उंदीरही नाही.

९ मार्च, शनिवार

आईवर ओरडले. ती फक्त "दोन घास खा" म्हणाली होती. मग न्हाणीघरात नळ सोडून रडले.

११ मार्च, सोमवार

डिग्री नाही, तर नव्या सत्रापासून कॉलेजात तास नाहीत. हेडनी स्पष्टच सांगितलंय. घर माझ्याच पगारावर चालतं.

पण खोटं कसं रेटायचं? पोरांना फळ्यापाशी उभं करून मीच विचारते ना, "उदाहरण दे"!

आणि सर? त्या अटीवर त्यांचं नाव उभं आहे. यंदा रिटायर होतायत. ऐकून कोसळतील बिचारे. तरीही उद्या सांगणार. ठरलं.

१२ मार्च, मंगळवार

सांगितलं. तिन्ही ओळी फळ्यावर लिहून दाखवल्या.

सर उठले, डस्टरने फळा पुसला. "तुला विषय दिला तेव्हाच माहीत होतं मला. तुझ्याआधीचे दोघं याच अटीवर डॉक्टर झाले. त्यांना कुणी उदाहरण मागितलं नाही, इतकंच." मग ड्रॉवरमधून कागद काढला. "परीक्षक बदलून घेऊ. अर्जावर तुझी सही लागेल."

केली.