मनस्वीचं ‘बास’

मी जयदेव बाळाराम गायकर, वय ६६, तळोज्याच्या केमिकल कंपनीतून निवृत्त, राहणार खांदेश्वर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कुणाच्याही दबावाशिवाय लिहितो. हृदयाचा भरवसा नाही असं डॉक्टर म्हणतात; डोकं अजून ठिकाणावर आहे.

१. पत्नी अमिता हयात नाही. मुलगी मनस्वी, वय २२, ऑटिस्टिक आहे, बोलत नाही. राहता फ्लॅट तिच्या नावे. तिची पालक म्हणून माझी पुतणी रुतिका हिला नेमावं, ही माझी इच्छा. रुतिकाची संमती आहे.

२. चित्रकार्डांची फाइल रुतिकाकडे द्यावी. मोठा आवाज झाला की मनस्वी मनगट चावायची, डोकं आपटायची. तिच्या थेरपिस्ट सोनल मॅडमनी आठ महिने खपून तिला त्याऐवजी ‘बास’चं कार्ड द्यायला शिकवलं. मॅडमची सक्त ताकीद : कार्ड हातात आलं की आवाज लगेच बंद, नाहीतर तिला घेऊन बाहेर. आपण ऐकलं नाही तर ती पुन्हा चावण्यावर येईल. पाहुणे बसलेले असोत, मॅचची शेवटची ओव्हर असो, टीव्ही बंद म्हणजे बंद.

३. माझा धाकटा भाऊ हरेश, रुतिकाचा बाप, याने या घरात पाऊल टाकू नये. त्याच्या मुलाच्या, कल्पेशच्या हळदीत मनस्वीने खांबावर डोकं आपटलं. हा सगळ्यांदेखत ओरडला, "दादा, हात बांध तिचे! लोकं बघतान!" आणि त्यानेच ते ओढणीने बांधलेही. तिच्या डाव्या डोळ्याची नजर त्या दिवशी गेली. तीन वर्षं मी त्याच्याशी बोललेलो नाही.

४. काल रुतिकाने इथवरचा मजकूर वाचला. म्हणाली, "काका, पप्पांचं चुकलंच. पण मनस्वीने कार्ड का नाही दिलं तेव्हा?" मी म्हणालो, फाइल घरी राहिली होती. ते खोटं होतं.

५. फाइल सोबतच होती. डीजे सुरू झाला तसं मनस्वीने ‘बास’ माझ्या हातात ठेवलं. पुतण्याला हळद लागत होती, मी थोरला काका, मांडवातून उठायचं कसं? मी कार्ड खिशात घातलं. तिने माझा खिसा ओढला. मी तिचा हात झटकला. मग ती खांबाकडे गेली.

गाव म्हणाला, पोरीच्या अंगात आलं. मी गप्प बसलो. हरेशवर राग धरणं सोपं होतं. कलम ३ रद्द समजावं, आणि मनस्वीने आधी मागितलं होतं हे त्याला सांगावं.

६. सख्ख्या भावाला सोडून पुतणी का, असं वकिलांनी विचारलं. हळदीच्या त्या दिवसापासून मनस्वी कार्ड फक्त रुतिकाला देते. मला एकदाही दिलेलं नाही.

सही : जयदेव बाळाराम गायकर

आमच्यादेखत वाचून सही केली. साक्षीदार :
१) मिथुन केणी
२) सुचिता भोईर

खांदेश्वर, ९ डिसेंबर २०२५