डाव्या बाजूचा गडी

२३ सप्टेंबर १९७४, सोमवार

क्रेनवरच्या शंकरसिंगची बदली झाली. जायकवाडीला! पंधरा दिवसांत हजर व्हायचं आहे.

ऑफिसात सगळे त्याचं अभिनंदन करत होते. मीही केलं. हात हातात घेतला तेव्हा माझा हात गार आहे हे त्याला कळलं असणार. त्यानं तो जरा जास्त वेळ धरून ठेवला.

सात वर्षं तो माझ्या डावीकडं उभा आहे. कॉलनीच्या फुटबॉल क्लबचा डावा फुलबॅक तो, आणि त्याच्या मागं गोलात मी. हिंगोलीचे दसऱ्याचे सामने महिन्यावर आलेत. आता त्याच्या जागी कोण? दिवसभर धरणावर दुसरा विषय नव्हता. पाणी काठोकाठ आहे, ते कुणी विचारलं नाही.

मला सामन्याची भीती नाही. कशाची आहे ते इथंही लिहवत नाही.

२४ सप्टेंबर

आजही लिहवलं नाही.

२५ सप्टेंबर

लिहितोच. वहीला काय लाजायचं!

माझा डावा डोळा गेला आहे. गेल्या दिवाळीपासून त्यात नुसतं दूध आहे. उजव्यातही आता सकाळी सकाळी धूर दिसतो. वय अठ्ठेचाळीस. बाबांचे डोळे याच वयात गेले होते. त्यांचा हात खांद्यावर घेऊन मी गावभर हिंडायचो, त्या हाताचं वजन अजून आठवतं.

गोलात मी टिकलो तो शंकरसिंगमुळं. चेंडू डावीकडून आला की तो ओरडतो — "डावी, भाऊ, डावी!" मी आवाजाच्या दिशेनं उडी मारतो. हात अजून पक्के आहेत. ही कॉलनी बांधताना खालून फेकलेल्या विटा मी वर माळ्यावर झेलायचो, तेच बघून तेव्हाच्या इंजिनियर साहेबांनी मला गोलात उभं केलं होतं. शंकरसिंगला मी डोळ्याचं कधी सांगितलं नाही. त्यानं कधी विचारलं नाही. पण दिवाळीनंतरच तो ओरडायला लागला.

गोल गेला तर गेला. पण माझं काम धरणाच्या भिंतीवरची पाण्याची पट्टी वाचायचं आहे. रोज पहाटे पायऱ्या उतरायच्या, आकडा पाहायचा, नोंदवायचा. त्या आकड्यावर दरवाजे उघडतात. खाली नदीत माणसं असतात. मैदानावर माझं आंधळेपण उघडं पडलं, की दुसऱ्या दिवशी पट्टी जाईल, नोकरी जाईल, क्वार्टर जाईल.

सकाळी वंदनेला बसलो. पंचशील म्हणताना चौथ्यापाशी, खोटं न बोलण्यापाशी, रोज आवाज खाली येतो. माझ्या बायकोच्या, कमलबाईच्या लक्षात आलं आहे का?

२७ सप्टेंबर

पहाटे पायऱ्या उतरताना मागं चपलांचा आवाज आला. डावीकडून. वळून पाहीपर्यंत थांबला. धुकं होतं.

२९ सप्टेंबर, रविवार

रेस्टहाऊसच्या लिंबाखाली क्लबची बैठक. किशनराव ओव्हरसियर आमचे सेक्रेटरी. ते म्हणाले, फुलबॅक म्हणजे दाराचा अडसर, घाईत निवडू नका. मग तासभर घाईच चालली.

दोन नावं पुढं आली. पहिलं सूर्यकांत, ऑफिसातला धाकटा क्लार्क. डाव्या पायाचा आहे, पायात वेग आहे, जागा सोडत नाही. पण मुलखाचा मुका! दिवसाला दहा शब्द बोलला तर पुष्कळ. माझे पट्टीचे आकडे मोठ्या ऑफिसला फोनवर तोच सांगतो, तेवढंच त्याचं बोलणं. दुसरं जळबा भोई. धरणात जाळी टाकतो. अंगानं रेडा, आवाज या काठावरून त्या काठाला जातो. पण उजव्या पायाचा, आणि प्रकल्पाचा नोकर नाही. त्यावर बराच काथ्याकूट झाला. किशनराव म्हणाले, धरणातले मासे चालतात तर मासे धरणारा का नको.

मी म्हणालो, मागचा गडी बोलणारा पाहिजे. पुढच्यांना आपल्या पाठीमागचं दिसत नसतं, त्यानं सांगावं लागतं.

"मंग आखाडा बाळापूरच्या बाजारातला भाजीवाला आणा की," पंपावरचा उकंडराव म्हणाला. "सकाळधरून वरडतो, बसत न्हाई घसा."

सगळे हसले. मीही हसलो. सूर्यकांत तेवढा हसला नाही. माझ्याकडं पाहत होता. का पाहत होता?

२ ऑक्टोबर

सुट्टी. दोघांना आळीपाळीनं खेळवून पाहिलं.

जळबा ओरडतो, पण काय ओरडतो! समोरच्याच्या चालीवर, त्याच्या आजोबांवर, कालच्या माशांवर. चेंडू दिसला की आपली जागा सोडून त्याच्या मागं थेट मधल्या रेघेपर्यंत. डावी बाजू उघडी. पण परत येताना मात्र सांगतो — "दादा, डाव्या अंगानं येऊन राहिला!" तेवढं मला पुरतं.

सूर्यकांत उभा राहिला तेव्हा अर्धा तास डावीकडून चेंडूच आला नाही. येऊच दिला नाही त्यानं. मग एकदाच आला. मला चेंडू दिसला तो जाळीत.

"ऊन डोळ्यावर आलं," मी म्हणालो.

ऊन माझ्या पाठीमागं होतं.

सूर्यकांतनं जाळीतून चेंडू काढला आणि सूर्याकडं पाहिलं. या पोराची मला भीती वाटायला लागली आहे.

४ ऑक्टोबर

पुन्हा तो चपलांचा आवाज. आज मी थांबलो तर तोही थांबला. ऑफिसनं माझ्यावर कुणी ठेवला आहे का?

आकडा नीट दिसेना, सहा की आठ. ओणवा होऊन पट्टीवरून बोट फिरवलं. रंग थोडा उचललेला आहे, बोटाला कळतो. आठ लिहिला. घरी येईपर्यंत वाटत राहिलं, सहाच होता.

५ ऑक्टोबर, शनिवार

शंकरसिंगचा निरोप. कॉलनीनं हार घातला. त्यानं माझ्या घरी जेवायचं मागून घेतलं. कमलबाईनं ज्वारीची भाकरी, ठेचा, वांगी केली. तो नांदेडकडचा, ठेच्याला भिणारा नाही.

ती पाणी आणायला गेली तेव्हा मी विचारलं, तुला माहीत होतं ना?

"व्हय."

कुणाला सांगितलंस?

"गुरू की कसम, किसी को नहीं." मग तो भाकरीकडं पाहत म्हणाला, "भाऊ, नवा गडी आवाजावर नको घेऊ. आवाज मी तुझ्यासाठी काढत होतो. टीमला उभा राहणारा लागतो."

मी म्हणालो, आणि मला?

"तू सांगून टाक."

कमलबाई आली, बोलणं थांबलं. तो गेल्यावर ती ताटं उचलत म्हणाली, "तुमी आताशा मान वाकडी करून पाहून राहिले. काहून?"

मान धरली आहे, म्हणालो. तिनं तेल गरम करून आणलं, मानेला लावून दिलं. मी लावून घेतलं! खोट्याला तेल.

७ ऑक्टोबर

शंकरसिंग गेला. क्रेनवर कुणी नाही, डावीकडं कुणी नाही.

१० ऑक्टोबर

किशनरावांनी माझ्या गळ्यात टाकलं. म्हणाले, "संतराम, ज्याच्या पुढं गडी उभा राहणार त्यानंच सांगावं. तुझा शब्द शेवटचा."

मी रात्रभर ठरवलं होतं — खरं तेच सांगायचं. सूर्यकांत. अकरा जणांचा विचार केला तर दुसरं नावच नाही. डाव्या बाजूला डाव्या पायाचा, जागा न सोडणारा, शंकरसिंगसारखाच हवा असला तर तोच. तोंड उघडलं आणि म्हणालो, "जळबा."

उकंडरावनं भुवया उचलल्या. किशनरावांनी कागदावर लिहिलं. सूर्यकांत तिथंच होता. त्यानं मान हलवली, बरं म्हणावं तशी, आणि चेंडूत हवा भरायला बसला.

बावीस वर्षांच्या पोराची जागा मी माझ्या भीतीला दिली.

संध्याकाळी बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. वंदना म्हणवली नाही. कमलबाईनं एकटीनं म्हटली.

१३ ऑक्टोबर, रविवार

जमेल तसं लिहितो.

कनेरगाव नाक्याचे गडी सरावाच्या सामन्याला आले होते. डावीकडून चेंडू उंच आला. जळबा ओरडला, "सोडा दादा, माझा हाय!" मला चेंडू दिसला नाही, नुसता आवाज आला. आवाज आला की झेप घ्यायची, ही सवय. मूठ आवळून झेपावलो. मुठीला काहीतरी लागलं. चेंडू नव्हता.

जळबा खाली बसला होता. तोंडातून रक्त. पुढचा दात मातीत पडला होता. तो मी हातानं चाचपून शोधला, सगळे चेंडूच्या मागं असताना.

"माझीच चुकी," जळबा म्हणाला. "मीच मधी आलो." आणि हसला, त्या तोंडानं! "आता शीळ झ्याक वाजंल, दादा."

त्याची बायको भागूबाई मैदानाच्या काठावर उभी होती. तिनं पदर भिजवून त्याचं तोंड पुसलं. मला म्हणाली, तुम्हाला लागलं का. मला विचारत होती!

आज दात. उद्या पट्टीवर सहाचा आठ होईल, दरवाजे उघडतील, आणि खाली जाळं टाकून हाच जळबा उभा असेल. तेव्हा कुणाची चूक म्हणणार?

१४ ऑक्टोबर

दिवसभर ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन तीनदा परत आलो. पहिल्यांदा किशनराव चहा घेत होते. दुसऱ्यांदा फोनवर होते. तिसऱ्यांदा एकटे होते, म्हणून परत आलो.

घरी कमलबाईला सगळं सांगितलं. आधी डोळा, मग दात. ती रडेल असं वाटलं होतं. क्वार्टर सोडून कुठं जायचं विचारेल असं वाटलं होतं. तिनं माझी मान दोन्ही हातांनी सरळ केली. मग म्हणाली, "ते तेल वाया गेलं म्हनायचं."

नंतर माझ्या डावीकडून उठून उजवीकडं येऊन बसली.

फुलबॅकच्या जागेचं कोडं मला आता सुटलं आहे. त्या जागेत काही बिघडलं नव्हतं. बदलायचा होता तो मागचा माणूस. गोलात जळबा जाईल. त्याला तिथून पळून जाता येणार नाही, आणि ओरडायचं तेवढं ओरडता येईल. डावीकडं सूर्यकांत. मी कुठं, ते किशनराव ठरवतील. उद्या पट्टी वाचून थेट त्यांच्याकडं जाणार.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वंदना पूर्ण झाली. चौथं शीलही.

पायऱ्यांवर पुन्हा चपला. या वेळी मी थांबलो नाही, भिंतीआड सरकलो. सूर्यकांत! पट्टीपाशी वाकला, आकडा पाहिला, खिशातून पेन्सिल काढली. मला पाहून दचकला, मग वही पुढं केली. श्रावणापासूनचे माझे आकडे, त्यांपुढं त्याची बारीक खूण. सात ठिकाणी माझा आकडा खोडून बरोबर लिहिलेला. ४ तारखेला सहा.

"तुमी बोट फिरवताना दिसलात एकदा," तो म्हणाला. "फोनवर बराबर आकडाच सांगत होतो."

किशनरावांच्या दारापर्यंत तो माझ्या डावीकडून चालला.