बारा शब्दांची किल्ली

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी एक शहाणपणाचं काम केलं. शाबासकी द्यायला कोणी नाही म्हणून इथे लिहिते.

दुपारी हे हत्यारांची पिशवी उचलून पळाले. तिसऱ्या गल्लीत एक तीन वर्षांचं पोर न्हाणीघरात शिरून आतून कडी लावून बसलं होतं! घाईत फोन माझ्या शिलाई मशीनजवळ चार्जिंगलाच राहिला. तो वाजला, मी घेतला. "मावशी, कंपनीतून बोलतोय. काकांचं पाकीट आजच नव्या अ‍ॅपवर न्यायचंय, नाहीतर कायमचं बंद पडेल." आवाज कसा, अगदी जावयासारखा गोड.

पाकीट म्हणजे ते फोनमधलं. ती इंटरनेटवरची नाणी, जी कधी हातात येत नाहीत. भाच्याने शिकवलं तेव्हापासून चार वर्षं हे दर महिन्याला थोडं थोडं टाकतायत — दुकानाचा गाळा आपल्या नावावर करायचा म्हणून. त्या पाकिटाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते यांनी याच वहीच्या शेवटच्या पानावर शाईने लिहून ठेवलेत. "तुझी वही मी वाचत नाही, म्हणजे जगात कोणीच वाचणार नाही." काय तो तर्क!

तो म्हणाला, शब्द सांगा, एक नक्कल आमच्याकडे सुरक्षित राहील. मला पटलंच. तीस वर्षं या दुकानात दुसरं बघितलंय काय? पुढे यांचं किल्ल्यांचं टेबल, मागे माझं शिवणकाम, आणि मधल्या फळीवर दीडशे खिळे — दीडशे घरांच्या जादा किल्ल्या. नाव एकावर नाही, नुसते नंबर. कोणता नंबर कोणाचा ते फक्त यांच्या डोक्यात. "एक किल्ली आपल्याजवळ, एक भरवशाच्या माणसाकडे." हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणेन.

वाचून दाखवले सगळे. मापं वाचते तसे — छाती, कंबर, बाही — प्रत्येकापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करत. आठवा शब्द 'अंकल' निघाला. मला हसू आलं. तोही हसला.

हे परतले ते पोराचं कौतुक सांगतच. "दार उघडतो तर काय, बादलीत बसून गाणं म्हणतंय!" इतके खुशीत होते की मध्ये बोलवेना. उद्या सांगीन.

५ फेब्रुवारी, बुधवार

गेलं. सगळं गेलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल हात चालत नव्हता.

काल सकाळी यांनी फोन उघडला आणि नुसते बघत बसले. पाकीट रिकामं. भाचा धावत आला. त्याच्या कॉम्प्युटरवर सगळं दिसतं — किती वाजता निघालं, कुठल्या पत्त्यावर गेलं. पत्ता म्हणजे अक्षरं आणि आकडे, माणूस नाही. "मग परत मागव की!" मी म्हटलं. म्हणाला, "मामी, असं मागवता येत नाही. कोणाकडे मागणार? तिथे कोणी बसलेलंच नसतं." चोर समोरच्या गच्चीवर आपली भांडी घेऊन बसलाय, आणि त्या घराला जिनाच नाही!

मग त्याने विचारलं, "बारा शब्द कोणाला दिले होते का?"

मी खाली पडलेल्या टाचण्या वेचायला लागले. हे म्हणाले, "वही दे गं. शेवटचं पान बघतो फक्त." वही घेऊन टेबलाशी गेले, माझ्याकडे पाठ करून बसले. बराच वेळ. उठले तेव्हा चेहरा अगदी शांत. "माझंच चुकलं. एक फोन आला होता. मीच सांगितले."

यांनाही फोन आला होता? यांनीही दिले? आणि — लिहायची लाज वाटते — मला क्षणभर बरं वाटलं!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बँकेत गेलो. काउंटरवरचा मुलगा नम्र होता. "काका, हे आमच्याकडून गेलेलंच नाही." कंपनीला मेल केला, उत्तर लगेच आलं — आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. अभिप्राय! मी तोंडी दिला असता तर मेल करपला असता.

१० फेब्रुवारी, सोमवार

पोलिसांच्या सायबर विभागात गेलो. साहेब बाई होत्या, आमच्या लेकीच्या वयाच्या. नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. यांनी वही बंदच धरून नेली होती, फक्त शेवटचं पान उघडून दाखवलं. बाईंनी त्याचा फोटो घेतला. मला वाटलं, आता विचारणार, या खुणा कोणाच्या? पण त्यांनी नुसतं विचारलं, "चार तारखेला दुपारी हा फोन आला, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"दुकानातच," हे म्हणाले.

दुकानात कुठले! न्हाणीघराच्या दारात गुडघ्यावर बसले होते. धक्क्याने यांचं डोकं गोंधळलंय. माझ्या पायी या माणसाला स्वतःचीच आठवण राहिली नाही.

तक्रार घेतली. बाई खोटी आशा न देता म्हणाल्या, "काका, व्यवहार दिसतो, माणूस सापडत नाही. सापडला तरी पैसे परत येतीलच असं नाही." येताना यांनी मला रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतलं, नेहमीसारखं. मला रडू आलं. "डोळ्यात काही गेलं का?" म्हणून रुमाल दिला. रुमालभर पितळेचा कीस.

त्या पानाकडे बघायची माझी हिंमत नाही. वहीत लिहिते ती पुढूनच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज एक नवीन! "तुमचे गेलेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा." जखमेवर मीठ, आणि मिठाचेही पैसे! मी म्हटलं, "भरते की. आधी तुमच्या घराची एक किल्ली आमच्या दुकानात आणून ठेवा." फोन आपटला. पलीकडे हे कानस चालवत होते. कानस थांबली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा ते खोखो हसले. किती आवडतो मला हा माणूस! त्या हसण्यावर सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दाताचे डॉक्टर आले. इकडचं तिकडचं बोलले. मग हळूच, "मास्तर, आमची जादा किल्ली... घरीच ठेवावी म्हणतो." यांनी चौतीस नंबरवरून काढून दिली. "ठेवा ना, बरंच झालं."

गावभर झालंय. किल्लीमास्तरांनी स्वतःचीच किल्ली चोराला दिली!

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज तीस जण.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बेकरीवाली आली. तिची पोरं लहान असताना शाळेतून आधी आमच्या दुकानात यायची, किल्ली घेऊन मग घरी जायची. तिला नजर वर करवत नव्हती. यांनी किल्ली पुसली, वर दोन थेंब तेलाची कुपी दिली. "कुलूप जड झालं असेल, घाला." ती गेल्यावर रिकाम्या खिळ्याला बोट लावून उभे राहिले.

मी मागे बसून बाही उलटी शिवली. दोनदा.

पैशाचं दुःख मी गिळलं असतं. गाळा नाही तर नाही, भाड्याने तीस वर्षं गेलीच की! पण या माणसाने आयुष्यात दुसरं काही मिळवलेलं नाही. लोक घर सोडून जाताना किल्ली ठेवून जायचे, एवढीच कमाई. ती माझ्या देखत खिळ्याखिळ्याने उतरतेय. मी एक वाक्य बोलले तर थांबेल. "त्यांनी नाही, मी दिले." चार शब्द! परक्या माणसाला फोनवर बारा सांगितले खुशाल, आणि नवऱ्याला चार सांगता येत नाहीत.

कशाची भीती वाटते? ओरडणार नाहीत. तीस वर्षांत आवाज चढवला तो फक्त गंजलेल्या कुलपांवर. भीती ही, की ओरडणार नाहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी माझ्या मशीनला तेल घातलं यांनी. रोजच घालतात, स्वतःचं टेबल लावायच्या आधी. मी म्हटलं, "अहो, एक सांगायचंय." म्हणाले, "दोरा संपलाय का? आणतो." आणि गेले! चप्पल उलटसुलट घालून! दोऱ्याची सहा रिळं समोर पडलेली.

परत आले ते दोरा न घेताच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फळीवर आता चाळीस राहिल्या असतील. आज हे म्हणाले, "फळी काढूनच टाकू या. तिथे तुझे कपडे टांगता येतील." सहज म्हणाले. स्क्रू पिळायचा पेचकस हातात होता.

मी म्हटलं, "हात लावाल तर बघा."

उद्या सांगणार. दुकान उघडायच्या आधी, घरीच, दार लावून. पळून जायला जागा ठेवायची नाही. शेवटचं पान पुढ्यात ठेवणार, या बघा माझ्या खुणा म्हणणार. मापं मी अशीच वाचते हे यांच्याहून जास्त कोणाला ठाऊक!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हे अंघोळीला गेलेत. शेवटचं पान उघडलं.

बारा शब्द आहेत. खुणा नाहीत. एकही नाही. वहीच्या शिवणीत खोडरबराचा चुरा अडकलाय — माझ्या शिवणाच्या डब्यातलं हिरवं खोडरबर.

पुसल्या त्या पोलिसांकडे जायच्या आधीच. त्या दिवशीच, माझ्याकडे पाठ करून.

बाहेर आले की आधी कडकडून भांडणार आहे. मग ते चार शब्द सांगायला बेकरीवालीपासून सुरुवात, डॉक्टर, सगळी घरं. यांना घेऊन जाणार नाही. मी एकटी जाणार.