तीन माजी अध्यक्ष आणि ताराचंद मास्तर

१८ ऑगस्ट

पत्र आलं. दहा सप्टेंबरला लाखांदूरला शिबीर. आजूबाजूच्या सगळ्या तलाव-संस्थांच्या अध्यक्षांनी यायचं, आणि येताना आपल्या गावच्या माजी अध्यक्षांकडून ‘नेतृत्वाचे धडे’ लिहून आणायचे. प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं.

धडे! आमच्याकडे माजी अध्यक्ष तीन जिवंत आहेत. तिघांचं मिळून अर्धं पान भरणार नाही. चौथे ताराचंद मास्तर — ते असते तर वही पुरली नसती. वैशाखात गेले. मी या गावात सून म्हणून आले तेव्हा बारावी झालेली बाई मी एकटीच. मास्तरांनी बोलावून संस्थेचं रजिस्टर हातात दिलं, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, नेऊन पाणी वाचायला शिकवलं. यंदा मी अध्यक्ष झाले तीही त्यांचीच इच्छा.

बाकीच्यांकडून काय शिकायचं? खुर्ची कशी झिजवावी?

२० ऑगस्ट

टेकचंदकडे गेले. याच्या मोटारसायकलवर अजून ‘अध्यक्ष’ लिहिलेलं आहे. ‘माजी’ आहे, पण इतकं बारीक की मुंगीला वाचता यावं.

“म्याडम, अध्यक्षाचा आवाज पायजे. माईक नसला तरी मांगच्याले आयकू गेला पायजे.”

झाला धडा. पाच वर्षं नुसता आवाज केला. तलावातून गाळाचं एक घमेलं नाही काढलं.

२१ ऑगस्ट

डोमा. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसला होता. नेतृत्व म्हणजे काय, हे त्याने मलाच विचारलं. मग आणखी थोडं घोटून —

“भांडण लागलं का मी घरी निंगून जावो. लोकं थकत, मंग आपोआप मिटे.”

लिहून घेतलं! शब्दन् शब्द! बायकोने आतून चहा आणला. मी नको म्हटलं.

२३ ऑगस्ट

परसराम. सत्तरी पार. दोनदा अध्यक्ष. या माणसाला काहीही विचारा — “पाहू.” आज धडा मागितला तर म्हणे, “पाहू, आठवला त सांगतो.” दहा वर्षं गावाचं पाणी या ‘पाहू’च्या हातात होतं. मास्तर अशा लोकांना कसे सहन करायचे, देव जाणे.

२८ ऑगस्ट

तलाव भरला. सलंगावरून — जादा पाणी बाहेर पडायची ती दगडी वाट — दोन दिवस पाणी फुकट वाहून जातंय. आणि गेल्या वर्षी? धानाच्या शेवटच्या बांध्यांपर्यंत पाणी पोचलं नाही. ऐन लोंब्या निसवताना धान सुकला. रुखमाबाई बांधावर बसून रडली होती, मी पाहिलं आहे.

म्हणून सभेत सांगितलं — सलंगावर मातीची पोती रचायची. दोन हात पाणी जास्त थांबेल. परसराम उठला.

“पाणी कमी असन त लोकं भांडते, सूनबाई. जास्त झालं त पाळ फुटते. त्याची वाट नोको अडवू.”

आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य, आणि तेही भ्यालेलं!

मास्तर म्हणायचे, “ऐकावं सगळ्यांचं, करावं आपल्या मनाचं.” ऐकलं. संध्याकाळपर्यंत पोती रचून झाली.

३ सप्टेंबर

पाणी पोत्यांच्या वरच्या थरापर्यंत आलं. काय दिसतंय तलाव! मास्तरांनी पाहायला हवं होतं.

९ सप्टेंबर

भाषण तयार. एक आवाजवाला, एक पळपुटा, एक ‘पाहू’वाला — नावं घेणार नाही. मग मास्तर. मग पोती.

सकाळपासून पाऊस लागून आहे. बस चालू राहो म्हणजे झालं.

१० सप्टेंबर

झालं तसं लिहिते.

भाषण छान झालं. डोमाच्या धड्यावर सभागृह हसून हसून लोळलं. फोन पर्समध्ये, आवाज बंद. चहाच्या वेळी पाहिला — भूषणचे अकरा मिस्ड कॉल. भूषण म्हणजे आमचा सचिव. लावला तर ओरडतच होता — “बाई, पाळ खचून राहिली!”

नाल्याला पूर, बस बंद. ट्रॅक्टरवर, मग चालत. पोचले तेव्हा चार वाजले होते आणि सगळं होऊन गेलं होतं. पोती नव्हती. पाणी सलंगावरून धो धो जात होतं.

खरं लिहू? आधी राग आला. माझ्याशिवाय पोती काढायला सांगितली कुणी!

मग पाळ दिसली. बैलगाडी मावेल एवढा तुकडा बसला होता. आणखी एखादा तास गेला असता तर खालची चाळीस घरं...

भूषण म्हणाला, पाण्यात उतरायला कुणी तयार नव्हतं. परसराम कमरेला दोर बांधून उतरला. विळ्याने एकेक पोतं फाडलं. दोर डोमाने धरला होता — तीन तास, जागचा हलला नाही. टेकचंदने आपल्या ट्रॅक्टरवर खालच्या घरांतली म्हातारी माणसं, लेकरं शाळेत नेली.

परसराम झाडाखाली बसला होता. ओठ निळे, बोटं सोललेली. मला पाहून म्हणाला, “भिजली न तू. घरी जाय.”

एवढंच. बाकी काही नाही! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ सप्टेंबर

पाळीवर गेले नाही.

१४ सप्टेंबर

राजीनामा लिहिला. मास्तरांनी काय केलं असतं, याचा विचार करत बसले. ते असते तर ही वेळच आली नसती.

राजीनामा दिलेला नाही.

२६ सप्टेंबर

शाळेच्या पटांगणात सत्कार. संकटात पाळ वाचवली म्हणून — माझा! वरून आलेल्या साहेबांना कुणी काय सांगितलं, मी विचारलं नाही. टाळ्या झाल्या. शाल घेतली.

खाली उतरले. परसरामजी मागच्या रांगेतून उठून चपला शोधत होते. मी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी ती काढली, नीट घडी केली, माझ्या हातात परत दिली.

“राहू दे, सूनबाई. चौऱ्याण्णव साली पाळ फुटून राहिली होती, तवा बी आमी तिघंच होतो. सत्कार मास्तरचा झाला. आमाले सवय हाये.”