पंचविसाच्या पाटीखालून पंचावन्न

अमरावती, सोमवार

ती. मामांच्या चरणी अमरावतीच्या जावयाचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल चोळून घेता ना? इकडे रमा आणि निधी खुशाल आहेत. मीही आहे, पण दोन दिवस घास उतरत नाही. (रमाला वाटते पित्त झाले.)

अधिक महिन्यात अनारशांच्या वाणासोबत तुम्ही जावयाला स्कूटर दिलीत आणि ती अजून तुमच्याच नावावर आहे, म्हणून हे पत्र. फोनच केला असता, पण तुम्ही स्पीकर लावून बोलता आणि जावयाची खबर अकोल्यात कॉलनीभर होते.

झाले असे, की शनिवारी मी दोन लग्ने घेतली. वलगावचा मुहूर्त अकरा दहाचा, भातकुलीचा बारा पाचचा. तुम्ही म्हणाल, भटजीने एवढी हाव का धरावी? पण मामा, आपल्या वऱ्हाडात बाराचा मुहूर्त कधी दोनच्या आत लागला आहे का? डीजेपुढे नवरदेवाचे मित्र दमल्याशिवाय वरात मांडवात शिरत नाही. याच भरवशावर मी वीस वर्षे दोन-दोन लग्ने लावतो आहे. नेमके भातकुलीचे खुशालराव, मुलीचे वडील, घड्याळाचे पक्के निघाले! बारा पाचला त्यांचा फोन, "महाराज, नवरदेव उभा हाय, अंतरपाट धरून पोरायचे हात दुखून राहिले. तुमी कुठं हा?" मी म्हणालो, "आलोच." (तेव्हा मी वलगावातच होतो.) सप्तपदी जेवणानंतर करू असे तिथल्या यजमानांना सांगून स्कूटर पिळली.

वाटेत निधीची शाळा. पाटीवर पंचवीस, माझ्या काट्यावर पंचावन्न, आणि शाळा नुकती सुटलेली. पांढऱ्या पट्ट्यांवर एक मुलगी आली. मी ब्रेक दाबला, स्कूटर वाकडी झाली, मुलगी मागे सरली आणि माझा आरसा तिच्या दप्तराला घासून गेला. मामा, बोटभर अंतर होते. आणि मी थांबलो नाही. पुढे कडुलिंबाखाली पोलिसांची गाडी वेग टिपायचे यंत्र लावून उभीच होती.

निधी शाळेच्या रस्ता सुरक्षा पथकात आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जेवताना म्हणाली, "बाबा, आज एक हेल्मेटवाला आपल्या श्रावणीले उडवतच होता. मी शिट्टी वाजवली, तरी पयाला. अशा माणसाले काय शिक्षा असते?" मी जन्मभर यजमानांना प्रायश्चित्ते सांगणारा माणूस. म्हणालो, दंड होतो, कधी परवानाही काढून घेतात. तर म्हणते, "बस? अन् श्रावणीले सॉरी कोन म्हनन?" मी वरण वाढून घेतले.

असो. सासूबाईंना नमस्कार.

आपला,
कमलाकांत

ता. क. : चलानाचा मेसेज फोटोसकट तुमच्याच मोबाइलवर येईल. दंड मी भरतो, परवाना गेलाच तर एसटीने लग्ने लावीन. तुम्ही फक्त फोटो पुसून टाका. निधी संक्रांतीला तिकडे येते आहे आणि आली की तुमचा मोबाइल तिच्याच हातात असतो.

आणखी एक ता. क. : चिकटवलेले पाकीट पुन्हा फोडले आहे. फोटो पुसू नका. निधीला तुम्हीच सांगा. मी चारदा तोंड उघडले आणि चारही वेळा पाणीच मागितले. तिला म्हणावे, बापावर हवे तेवढे रागाव, पण श्रावणीच्या घरी त्याच्यासोबत जा. एकट्याने जायची माझी हिंमत होत नाही.